एकनाथमामांचा उजवा हात

डावा हात गेला तेव्हा एकनाथमामा डगमगले नाहीत. उजवा चुकू लागला तेव्हा मात्र त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आली, ती मी पुढे कित्येकांच्या चेहऱ्यांवर शोधली. जप्तीची नोटीस आलेले, ताबा सुटलेले, जामीन नामंजूर झालेले असे नाना लोक माझ्यापुढे येऊन बसले. परंतु तशी भीती पुन्हा आढळली नाही. या सर्वांना निदान प्रतिवादी कोण हे ठाऊक असते. मामांना ते ठाऊक नव्हते.

बारामतीच्या कचेरीबाहेर अर्ज, दावे, कैफियती लिहून देण्याचा माझा व्यवसाय. शाळा सातवीपर्यंतच झाली, तरी मसुदा माझा असला म्हणजे तो सहसा परत येत नसे, एवढे नम्रपणे नमूद करतो. कचेरीकडून मंडईकडे जो बोळ जातो त्या बोळात एकनाथमामांचे कासाराचे दुकान होते व त्यांच्याच ओट्याच्या कडेला माझे टेबल असे. नव्वद साल उलटून गेल्यानंतरची जी वर्षे मी तेथे काढली, त्यांत माझ्या एका कानाला पक्षकारांच्या तक्रारी आणि दुसऱ्या कानाला काचेची किणकिण, अशी विभागणी झालेली होती.

आमच्या भागात कासाराला सगळ्या बाया मामा म्हणतात. परक्या पुरुषाने बाईचा हात हातात घ्यावा आणि तिच्या नवऱ्याने, सासऱ्याने समोर उभे राहून ते स्वस्थ चित्ताने पाहावे, हा अधिकार कासारावाचून कोणाला नाही. म्हणून तो माहेरचा मामा. बांगड्या भरून झाल्या की वयाने मोठ्या असलेल्या बायाही एकनाथमामांना वाकून नमस्कार करीत. त्या वेळी मामा अवघडून जात आणि दुकानाच्या छताकडे पाहत राहत.

त्यांचे काम पाहण्यासारखे होते. बाई समोर बसली की डाव्या हाताने ते तिचा पंजा घेत. अंगठ्याचे हाड आत, करंगळीचे हाड त्याखाली, मधला तळवा दुमडलेला, असा तो पंजा ते कणीक मळावी तसा हळूहळू मऊ करीत. उजव्या हातात बांगडी असे. ती केव्हा पुढे सारायची हे उजव्याला डावा सांगत असावा; कारण मामांचे डोळे तिकडे कधीच नसत. ते बाईच्या तोंडाकडे पाहून तिच्या म्हशीची, सासूची, उसाला पाण्याची पाळी मिळाली की नाही याची चौकशी करीत. बाई घाबरून हात आखडू लागली की म्हणत, “सोड सैल. हात हितं ठिव आन् तू जा गावाला.” बाई हसे, आणि त्या हसण्याच्या भरात बांगडी मनगटावर गेलेली असे.

ते स्वभावाने भित्रे होते हे मी मुद्दाम सांगतो. हातांच्या बाबतीत तर अतिच. त्यांनी कधी नारळ फोडला नाही, कधी दुकानाची फळी उचलली नाही. ती कामे सरूमामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, करीत. गर्दीत ते दोन्ही हात काखेत घालून चालत. कोणी दांडगा माणूस हस्तांदोलनाला पुढे आला तर दोन पावले मागे सरून म्हणत, “रामराम लांबूनच बरा, पावनं.” ‘फुटली’ हा शब्द त्यांच्या दुकानात उच्चारायचा नाही असा दंडक होता. बांगडी ‘वाढते’. एखादी वाढलीच तर ते तिचे तुकडे वेचून कपाळाला लावीत व बाजूच्या डब्यात ठेवीत. एरवीच्या बांगड्या कोणाच्याही हातून वाढतात. परंतु नवरीच्या हिरव्या चुड्यातली बांगडी भरतेवेळी वाढणे हा अपशकुन, आणि तसा आपल्या हातून एकदाही घडला नाही, ही त्यांच्या आयुष्याची एकमेव बढाई होती. ती ते हळू आवाजात सांगत. जणू मोठ्याने बोलल्यास कोणी ऐकेल.

आणि मग अपघात झाला. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. सणसरला एका लग्नघरी चुडा भरून मामा मोपेडवरून परतत होते. रस्त्यावर गाड्यांतून पडलेला ऊस चेपून चेपून गुळगुळीत झाला होता. चाक त्यावरून सरकले. मामा डाव्या खांद्यावर आपटले आणि त्यांची मान उजवीकडे झटकली गेली. दवाखान्यात मी पोचलो तेव्हा ते उजवा हात पोटाशी घट्ट धरून पडले होते. पडतानादेखील तो त्यांनी तसाच धरला होता. मला पाहून म्हणाले, “उजवा वाचवला, रायटरसाहेब.” डावा हात त्यांच्या बाजूला, दुसऱ्याच कोणाचा तरी असावा, तसा पडून होता.

हाड मोडलेले नव्हते. मानेपासून हातात उतरणाऱ्या शिरा ताणल्या गेल्या आहेत, काही तुटल्याही असतील, असे डॉक्टरांनी सांगितले. काही महिन्यांनी डाव्या हाताची दोन बोटे हलू लागली, पुढे अंगठा थोडा मिटू लागला; परंतु कोपर उचलेना आणि हाताला स्पर्श कळेना. तरीही मामांनी दुकान उघडले. आता सरूमामी शेजारी बसून बाईचा पंजा दाबत आणि मामा उजव्या हाताने बांगडी सारत. घरातला डावा हात बदलला, एवढेच, असे ते म्हणत. लोकांनाही ते पटले होते.

उजव्याचा पहिला गुन्हा माझ्या टेबलावर घडला. एका दुपारी आम्ही चहा घेत होतो. मामांनी कप ओठांपासून खाली घेतला आणि टेबलाच्या अलीकडे, हवेत, सोडून दिला. कप फुटला, चहा माझ्या धोतरावर सांडला. मी काही बोलणार तोच माझे लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेले. ते कपाकडे पाहत नव्हते. ते हाताकडे पाहत होते.

त्यानंतर हे वाढत गेले. कुलपात किल्ली घालताना ती भोकाच्या शेजारी टेकायची. शर्टाचे बटण धरता धरता सुटायचे. आणि बांगडी सारताना उजवा हात थांबायचे तेथे थांबत नसे. पंजा दुमडून होण्याच्या आतच तो पुढे घुसायचा, किंवा दुमडून झाल्यावर उशिरा जागा व्हायचा. दुकान रिकामे असले की मामा लाकडी मुसळावर बांगड्या सारून पाहत. मुसळावर एकही चुकत नसे. मग ते सरूमामींचा हात घेत आणि चुकत. मी समोर लिहिण्याचे ढोंग करून हे पाहत असे. एके दिवशी ते माझ्याजवळ येऊन, मामींना ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात म्हणाले, “ह्यो बी चालला. याला तर कायसुदीक झालं न्हवतं.”

ही गोष्ट फार काळ झाकून राहिली नाही. कऱ्हाटीची एक जाडजूड बाई आपल्या नव्या सुनेला घेऊन आली. सून लहानखुरी, मान खाली घालून बसलेली. पहिली बांगडी वाढली. मामांनी तुकडे कपाळाला लावले, दुसरी घेतली. तीही वाढली आणि सुनेच्या अंगठ्याखाली रक्ताची रेघ उमटली. सासूने सुनेचा हात ओढून घेतला.

“मामा, हात कुनाचा धरलाय आन् ध्यान कुठं हाय तुमचं?”

दुसरा कोणी असता तर काचेला बोल लावून मोकळा झाला असता. मामा म्हणाले, “ध्यान हितंच हाय, बाय. हातच दुसरीकडं चाललाय.”

माझ्या व्यवसायात मी एक गोष्ट शिकलो आहे. मनुष्य कबुलीजबाब देतो तो सत्यासाठी नव्हे, भीतीपोटी. त्या बाईने ते वाक्य उचलले आणि जेथे जेथे गेली तेथे तेथे नेले. कासार स्वतःच सांगतो की त्याचा हात दुसरीकडे जातो. कोणाकडे जातो, कोण नेतो, हे ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे जोडले. पुढच्या आठवडे बाजाराला बाया दुकानावरून माना वळवून गेल्या. लेकुरवाळ्या तर बोळाच्या दुसऱ्या कडेने चालत. जी बाई वीस वर्षे मामांना वाकून नमस्कार करीत आली होती, तिने आपला हात पदराखाली घेतला. ते मामांनी पाहिले आणि मीही पाहिले.

त्याच सुमारास नात्यातल्या एका जाणत्या म्हाताऱ्याने, ज्यांना सगळे आबा म्हणत, निदान केले. त्यांचे म्हणणे असे, की वाळवी एका दारातून दुसऱ्या दारात जाते, तसे डाव्याचे वारे छाती ओलांडून उजव्यात शिरत आहे. “डावा मोकळा सोडलास म्हनून ह्ये झालं. त्याला आवळून बांध. जरा बी हलू दिऊ नगंस.” मामांनी लाल फडक्याने डावा हात छातीशी करकचून बांधला. जी दोन बोटे आणि अंगठा महत्प्रयासाने हलू लागले होते, तेही त्या फडक्यात गेले. घरातल्या सर्वांना हे योग्य वाटले. आजारी जनावर गोठ्यात वेगळे बांधतात, तसेच हे. मलाही त्या वेळी त्यात गैर दिसले नाही. परंतु बांधल्यापासून उजवा आणखीच बिघडला. आता तर जेवतानाचा घास गालाला लागू लागला.

शेवटी मी आग्रह धरून त्यांना पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नेले. तेथे बोलायला जबाबदार मनुष्य बरोबर हवा, म्हणून मी स्वतः गेलो. सुया टोचून, वीज सोडून दोन्ही हातांच्या शिरा तपासल्या गेल्या. मग एका तरुण डॉक्टरांपुढे आम्हाला बसवण्यात आले. मी हकीकत क्रमवार सांगण्यास प्रारंभ केला, परंतु त्यांनी मला हाताने थांबवले व मामांच्या पुढे दोन वाट्या ठेवल्या. एका वाटीतले मणी उजव्या हाताने दुसऱ्या वाटीत टाकायचे. मणी मामांच्या बोटांतून निसटत होते, टेबलाखाली घरंगळत होते, आणि मामांना घाम फुटला होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, उजव्या हाताच्या शिरा ठणठणीत आहेत.

हे ऐकून मामांना बरे वाटेल अशी माझी कल्पना होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“शिर चांगली हाय म्हंता. मग ह्याला चुकवतंय कोन?”

डॉक्टर हसले नाहीत, ही त्यांची थोरवी. खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, “बाहेरचं कोणी नाही, मामा. हात दोन दिसतात, पण मेंदूत दोघांचा कारभार एकमेकांना धरून चालतो. तुम्ही जन्मभर दोन्ही हातांनी मिळून काम केलंत. आता डाव्याकडून काही कळेनासं झालं, तसं मेंदूनं आपली मांडणी बदलली. त्यात उजव्याचीही घडी विसकटली. असं होतं. दुखापत एका हाताला आणि चुका दुसऱ्याच्या.”

“परत बसंल का घडी?”

“बरीचशी बसेल. सगळी बसेल असं मी सांगत नाही. पण हा फडका आजच सोडा. डावा जेवढा हलतो तेवढा प्रत्येक कामात उजव्याच्या सोबतीला घ्या. बांधून ठेवलात तर दोघंही विसरतील.”

मला हे तात्काळ उमगले. दोन भावांच्या सामाईक रानात एकाने आपला वाटा पडीक टाकला, की दुसऱ्याच्या पिकातही तण शिरते. त्याने कितीही राबावे. परतीच्या एस्टीत मी मामांना हा दाखला देऊन सर्व प्रकरण समजावून सांगितले. ते ऐकत होते असे मी म्हणणार नाही. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून ते त्याच्याकडे पाहत होते. अनोळखी कुत्रे शेजारी येऊन बसावे आणि हलावे की न हलावे हे कळू नये, तसे.

आता मुद्द्याची गोष्ट. त्यांची एकुलती मुलगी मंगल हिचे लग्न ठरले होते. मुलगा इंदापूर तालुक्यातला, उजनीच्या पाण्याकडच्या गावचा. मंगल जन्मली त्या दिवशी मामांनी बोलून ठेवले होते की हिचा चुडा माझ्याशिवाय कोणी भरणार नाही. सरूमामींनी आता दुसऱ्या कासाराला बोलावण्याचा विषय काढला. त्यांचेही खोटे नव्हते. लेकीच्या मनगटावर चुडा वाढला तर पुढे जन्मभर त्या घरातल्या प्रत्येक तापाला, प्रत्येक अपघाताला तेच कारण सापडणार. त्यावर मामांनी जे सांगितले ते मी शब्दशः देतो.

“दुसरा कासार माझ्या दारात आला, की गाव म्हनंल, बापानंच लेकीला हात लावला न्हाय. मंग दुकान बंद. आन् मी भरायला बसलो आन् वाढली, तर लेक. सांगा, रायटरसाहेब. कशाला भ्यायचं?”

मी अनेकांना अनेक प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. त्या दिवशी मी चष्मा पुसत बसलो.

फडका सुटला. मामा दोन्ही हातांनी कामे करू लागले, म्हणजे उजवा करी आणि डावा कसाबसा हजर राही, अशी. ताटातले तांदूळ निवडणे, वाती वळणे, बांगड्यांना दोरा बांधणे. परंतु माणसाच्या हातावर सराव केल्याशिवाय खरी परीक्षा नव्हती, आणि हात द्यायला कोणी बाई तयार नव्हती. येथे सुमनबाईंचा उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते. त्या सणसरच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या आजोबांनी छप्पन सालानंतर लवकरच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. घरात शकुन-अपशकुनाला थारा नव्हता. त्या बाजाराला आल्या, रिकामे दुकान पाहिले, आणि सरळ आत येऊन त्यांनी हात पुढे केला.

मामा म्हणाले, “बाई, माझ्याकडं नगा येऊ. वाढती.”

“वाढू द्या की. आमच्याकडं काच फुटली तर आमी झाडू आणतो, मामा. दुसरं काय करत न्हाय.”

‘फुटली’ हा शब्द ऐकून मामा इतके दचकले की मला हसू आले. त्यांनाही आले, कित्येक महिन्यांनंतर. पुढे सुमनबाई प्रत्येक बाजाराला येत. मामा आपल्या अर्ध्यामुर्ध्या डाव्या हाताने त्यांचा पंजा धरत, सरूमामी वरून आधार देत आणि उजवा बांगडी सारी. वाढत होत्या. बाईंच्या मनगटावर ओरखड्यांची जाळी झाली होती. वर्गातली मुले विचारतात, मांजर पाळलंय का, असे त्या सांगत, आणि ‘मी मुलांना कासार पाळलाय म्हणून सांगितलं,’ असेही वर म्हणत. हळूहळू वाढणाऱ्या बांगड्या कमी झाल्या. उजवा हात थांबायला शिकू लागला. पण कधी कधी, दहा वेळा नीट गेल्यावर, अगदी विनाकारण, तो एकदम पुढे घुसे. केव्हा घुसेल हे कोणालाच सांगता येत नसे, आणि खरी भीती त्या एका वेळेची होती.

चुड्याच्या दिवशी माजघर बायांनी भरले होते. लग्नघरात कोणाला न वगळण्याचा रिवाज असल्याने कऱ्हाटीची ती जाडजूड बाईही आलेली होती, आणि ती मुद्दाम पुढे बसली होती. मुले आत शिरू नयेत म्हणून मला दारात खुर्ची टाकून बसवले होते. मामा पाटावर बसले. त्यांच्या कानामागून घामाचा ओघळ सदऱ्यात उतरताना मला दिसत होता. मंगलने हात पुढे केला. मामांनी डावा हात उजव्याने उचलून तिच्या पंजाखाली ठेवला. बोटे मिटायला वेळ लागला. बाया गाणी म्हणत होत्या. ती बंद पडली. मग कोणीतरी पुन्हा सुरू केली.

मंगलचा उजवा हात भरून झाला. एकही चूक नाही. सरूमामींनी पदराने डोळे टिपले. डावा हात सुरू झाला आणि बायांचे लक्ष सैल पडले. कोणी पाणी मागितले, कोणी मुलाला हाक मारली. माझे लक्ष सैल पडत नाही. मी मामांच्या उजव्या हाताकडे पाहत होतो आणि मला तो आधीच दिसला, तो पुढे घुसण्याचा क्षण. काच अगदी बारीक आवाज करून गेली.

मंगलने मूठ मिटली. तुकड्यांसकट मिटली. आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता मागे वळून मोठ्याने म्हणाली, “अगं, किती उकडतंय, ती खिडकी उघडा की कुनीतरी.” सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. तेवढ्यात तिने मूठ शालूच्या घडीत नेऊन मोकळी केली आणि ओठ न हलवता बापाला म्हणाली, “दादा, दुसरी घ्या. कुनी न्हाय बघितलं.”

बघणारे आम्ही तिघे होतो; मामा, मंगल आणि मी. मामा हलत नव्हते. मला वाटले, हा मनुष्य आता सर्वांदेखत बोलणार. कऱ्हाटीच्या बाईपुढे बोलले तसे. पण लेकीच्या तळहातातून निघालेला रक्ताचा थेंब मेंदीच्या लाल रंगात मिसळताना त्यांनी पाहिला आणि दुसरी बांगडी उचलली. बाकीच्या साऱ्या बांगड्या नीट गेल्या. शेवटी मंगल त्यांच्या पाया पडली, तेव्हा ते छताकडे पाहत नव्हते. ते तिच्या मिटलेल्या मुठीकडे पाहत होते.

कऱ्हाटीची बाई उठताना म्हणाली, “लेकीचा चुडा भरला म्हंजी हात सुधारला म्हनायचा.” आणि हेही वाक्य तिने तितक्याच निष्ठेने सगळीकडे नेले. पंधरवड्यात दुकान पूर्ववत भरू लागले. नवऱ्या पुन्हा मामांकडेच येऊ लागल्या. उलट आता अधिकच, कारण गेलेला हात परत आणणारा कासार म्हणजे शकुनाचा कासार. साक्षीला बोलावले असते तर मी काय सांगितले असते हा प्रश्न निराळा. मला कोणी बोलावले नाही.

लोकांना वाटले मामांची भीती गेली. मी शेजारी बसत होतो म्हणून मला ठाऊक आहे की ती तेव्हापासून खरी सुरू झाली. पूर्वी त्यांना हाताची भीती होती. आता बोळात पोस्टमन दिसला की ते उभे राहत. इंदापूरकडचा कोणी पाहुणा आला की त्याला पाणी देण्याआधी त्याचे तोंड निरखत. वास्तविक मंगलचे उत्तम चालले होते. जावई मनमिळाऊ, सासू बरी, पुढे एक मुलगाही झाला. मी हे सारे त्यांना मुद्देसूद सांगत असे. ते मान हलवत आणि म्हणत, “आजपतुर बरं हाय.” नवरीचा चुडा भरून ती निघून गेली की ते तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बोळाच्या वळणापर्यंत पाहत राहत. एकही वाढलेली नसली तरी.

पुढे माझे बस्तान इंदापूरच्या कचेरीकडे हलले. ज्या सकाळी मी सामानासह निघालो, त्या सकाळी बारामतीच्या स्टँडवर, एस्टीच्या खिडकीतून, मला मामा दिसले. स्टँडच्या कोपऱ्यात पिवळ्या पाटीचा टेलिफोनचा बूथ होता, त्या काचेच्या खोक्यात ते उभे होते. मंगलच्या गावी किराणा दुकानात फोन आलेला होता व दुकानदार तिला हाक मारून बोलावीत असे, हे मला माहीत होते. रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरलेला. उजवा हात आकड्यांवर जात होता आणि चुकत होता. त्यांनी फोन कापला, पुन्हा सुरू केले, पुन्हा चुकले. बूथवाल्याने मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी मानेनेच नाकारला.

मग त्यांचा डावा हात खालून वर आला. फार सावकाश, थरथरत, अर्ध्या वाटेत एकदा खाली पडून पुन्हा उठून. त्याने उजव्याचे मनगट धरले. दोन्ही हात मिळून एकेक आकडा दाबू लागले.

एस्टी सुरू झाली. वळण घेताना बूथ पुन्हा एकदा खिडकीसमोर आला. आकडे दाबून झाले होते. रिसीव्हर आता दोन्ही हातांत होता. मामांचे ओठ हलत नव्हते. पलीकडे घंटा वाजत असावी.